ओट्याची हरवलेली पायरी

गणूसारखा बांध मुरबाडच्या पट्ट्यात कोणाला घालता येत नसे. त्याच्या खाचरातून पाणी चोरायचं तर खेकड्यालासुद्धा मुहूर्त काढावा लागे! हीच कला त्याने घरावर चालवली. पाणी आत शिरू नये म्हणून दर रोहिणीला, पावसाच्या तोंडावर, घराभोवती मातीचा भर घालायचा. तरी भिंती ओल्याच. दहा वर्षांत ओल गुडघ्यावरून खांद्यापर्यंत चढली, रंगाचे पोपडे सुटले. गणूने आणखी माती घातली.

२००२च्या उन्हाळ्यात त्याने बायकोला सांगून टाकलं, "विटाच कच्च्या. मागची भिंत पाडू."

त्या विटा गिरजाने थापल्या होत्या, सातवा महिना चालू असताना, शेतात भट्टी लावून.

"माझ्या विटा कच्च्या नाय."

"मंग भिंत रडते कशाला गो?"

"तुमचा संसार बघून!"

जैतू गवंडी सोमवारी पहार घेऊन येणार होता. रविवारी गिरजा ओट्यावर तांदूळ पाखडायला बसली. पाय खाली सोडले, तर टाचा जमिनीला टेकल्या. सूप हातातच राहिलं. नव्या घरात ती इथेच बसे तेव्हा पाय लोंबकळत. ओट्याला पायऱ्या तीन होत्या, आता दोनच! घर खचलं म्हणावं, तर दारं सरळ लागत होती.

तिने कुदळ घेतली. वीतभर खणल्यावर तिसरी पायरी निघाली. मग ती मागच्या भिंतीकडे वळली. तिथे माती उपसल्यावर जोत्याचे दगड लागले, आणि दगडांवर डांबराचा काळा पट्टा. ओल वर चढू नये म्हणून जैतूनेच घर बांधताना तो फासला होता. गणूची माती त्याच्या वीतभर वर गेली होती. ओल पट्टा चुकवून, मातीच्या खांद्यावर बसून थेट विटांत शिरत होती.

सोमवारी जैतूने पट्टा पाहिला आणि पहार खाली ठेवली. "गणूभाऊ, भिंतीला तुमीच शिडी लावून दिली की हो!"

गणूने कुदळ उचलली. आठ दिवस एकट्याने घराभोवतीची माती ओढली, पाणी जायला चर काढला.

पुढच्या वर्षी भादव्यात अख्खी वाडी भिंत बघायला आली. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आत ओल खांद्यावरून घोट्यापर्यंत उतरली होती. जैतूने टोपी काढून भिंतीला गाल लावला.

गिरजाने पोपडा खरवडून एका विटेवर बोटाची पेरं वाजवली. खणखणीत आवाज आला.

"कच्ची हाय का?"

"नाय गो," गणू म्हणाला, सगळ्यांदेखत, आणि स्वतःही एकदा वाजवून बघितली.