साहेबांचा हात दोन ठिकाणी

माझे आतोबा जितकं घाबरत, तितकं घाबरणं दुसऱ्या कुणाला झेपलंच नसतं. नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीमुळे मी लखनौला आत्याकडे राहत होतो. चौक भागातल्या अरुंद गल्लीत रिक्षा शिरली की आतोबा माझा गुडघा घट्ट दाबून धरत. व्हिडिओ कॅसेटना दमट हवेने बुरशी येईल म्हणून त्या ते तांदळाच्या डब्यात ठेवत. "अहो, भात करू की नको?" आत्या विचारायची.

हा माणूस चिनहटकडच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचा वेग मोजायचा. पाण्यात बारीक कण सोडायचे, लेसरच्या उजेडात त्यांचं चित्रण करायचं, आणि एका चित्रातून पुढच्या चित्रात कण किती सरकला त्यावरून वेग काढायचा. एकदा एका पंपघराच्या विहिरीचं मॉडेल तपासायला आलं. त्यासाठी प्रयोगशाळेच्या साहेबांनी लग्नात वापरतात तसला रंगीत कॅमेरा पसंत केला, म्हणजे वार्षिक समारंभालाही चालेल! आतोबांना जेवण जाईना. "अरे, तो एक चित्र दोन खेपांत घेतो," ते मला सांगत, "आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. तेवढ्यात कण पुढे गेलेला असतो. वेग चुकला तर भोवरा दिसणार नाही, तो पंपात हवा ओढेल आणि पंप हादरून फुटेल. तिथं खाली पंपापाशी माणसं उतरतात रे."

हे वाटेत चक्कर येऊन पडतील, या धास्तीने कॅमेरा ठरवायच्या बैठकीच्या दिवशी आत्याने मला रजा घ्यायला लावून सोबत धाडलं. मी उघड्या दाराशी बाकावर बसलो.

"रंगीन छोड़कर ब्लैक एंड व्हाइट? और टेप भी नहीं? कमाल करते हैं आप!" आतोबांनी मागितलेल्या कॅमेऱ्याचं वर्णन ऐकून साहेब म्हणाले. आतोबांनी हातातल्या कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. आता हे "जी सर" म्हणून बसणार, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "सर, ज़रा हाथ हिलाइए."

नमुन्यासाठी आलेल्या त्या रंगीत कॅमेऱ्याने त्यांनी साहेबांचा हात टिपला आणि संगणकावर एक चित्र थांबवलं. पंजाच्या कंगव्यासारख्या चिरफळ्या झाल्या होत्या, अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे.

"सर, इनमें आपका असली हाथ कौन-सा है?"

साहेबांनी टेबलावरचा हात हळूच मांडीवर घेतला. "और हम यही ख़रीदें तो?"

"तो रिपोर्ट पर दस्तख़त किसी और से करवाइए," आतोबा म्हणाले आणि कॅमेऱ्याला झाकण लावून खुर्चीत बसले.

अखेर अख्खं चित्र एकदम टिपून थेट संगणकात पाठवणारा काळा-पांढरा कॅमेरा आला. विहिरीच्या भिंतीपाशी भोवरा सापडला. भिंतीचा आराखडा बदलला. पंपघर सुरू झालं तेव्हा आतोबांना आग्रहाचं बोलावणं होतं, पण ते गेले नाहीत, मला पाठवलं. पंप चालू असताना तीन कामगार खाली पंपापाशी काम करून वर आले, हात पुसत, चहा मागत. घरी येऊन मी तेवढंच सांगितलं.

"तिघं उतरले होते ना?" आतोबांनी विचारलं.

"हो."

"आणि तिघंही वर आले?"

"हो, आतोबा."

ते ताटावर येऊन बसले. मग आत्याला म्हणाले, "आज मला थोडं जास्त वाढ."