आबांची हॉटेलातली पंगत

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवरून पाचेक मिनिटं चाललं की ते मोठं हॉटेल लागतं. काचेचं दार, दारात सलाम ठोकणारा माणूस, आत पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेली टेबलं. परवा आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या निवृत्तीचं जेवण तिथं होतं. बाकीच्या जणी फोटो काढण्यात दंग, आणि मी खिडकीजवळच्या टेबलाकडे बघत बसलेली. त्या टेबलावर मी माझ्या वडिलांना, आबांना, जेवायला घातलं होतं. आबा जाऊन आता तीन वर्षं झाली.

आबा नेवाशाकडचे शेतकरी, आणि रीतीला पक्के. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोण पाळतं? पण आबा पाळायचे. कधी नगरला आले की भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली घेऊनच यायचे आणि माझ्या दारातल्या ओट्यावर बसून स्वतःची भाकरी स्वतः खायचे. आत माझा स्वयंपाक तयार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, मूल काही झालं नाही. त्यामुळे आबांचं ते फडकं सुटताना दिसलं की मला वाटायचं, माझं उणं कुणीतरी ओट्यावर मांडून ठेवलंय. माझ्या हातचं त्यांनी एकदा तरी खावं, एवढंच मला हवं होतं. भांडून झालं, अबोला धरून झाला. आबा हलले नाहीत.

मग एकदा ते डोळे तपासायला आले तेव्हा मी म्हटलं, "आबा, हॉटेलात तर जेवाल? हॉटेल काही माझं सासर नाही."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "हाटेलात चालंल की. त्याला कशाची रीत?"

निघालो. दारातल्या माणसानं सलाम केला तर आबांनी थांबून त्याला रामराम घातला, घरचं सगळं बरं हाय का विचारलं. चपला बाहेरच काढत होते, मी कशाबशा घालायला लावल्या. आत गार हवा, मंद दिवे. आबा हळूच म्हणाले, "लाईट गेली काय गं यांची?" मला हसू आवरेना.

मी मुद्दाम भरपूर मागवलं. कोट घातलेला वाढपी चिमट्यानं रोटी वाढायला आला, की आबा दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे. गावच्या पंगतीत आग्रह मोडायला धरतात तसे. तो बिचारा दचकून मागे सरायचा. मी खुणेनं सांगायची, वाढा हो, त्यांना हवंय. आणि मग आबा खायचे, मिटक्या मारत. काय बरं वाटलं मला! हातचं नव्हतं माझ्या, पण ताट तरी मी मांडलं होतं.

जेवण झालं, हात धुऊन झाले. मी पर्स उचलली. आबा मात्र परत येऊन खुर्चीत ठाण मांडून बसले.

"चला ना."

"थांब. ते पाव्हनं जेवत्यात अजून."

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात घास, आणि निवांत गप्पा.

"आबा, ते आपले कोणी नाहीत!"

"एका छपराखाली बसलो ना? मग पंगत एकच. शेवटचा उठल्याबिगर उठू न्हाई."

"अहो, हे हॉटेल आहे. इथं माणसं येतच राहणार. ही पंगत उठायची नाही कधी!" माझा आवाज चढला. चार माना वळल्या. त्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, तसे आबा हात जोडून म्हणाले, "सावकाश होऊ द्या, पाव्हनं."

त्या गृहस्थांनी मोबाईल खाली ठेवला आणि खाली मान घालून जेवू लागले. मी धुसफुसत बसले. आबा त्यांच्या ताटाकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुठल्या गावचा मानूस, त्याच्या पंगतीला बसलो मी. अन् लेकीच्या पंगतीला अकरा वर्सं बसलो न्हाई."

मी उचललेली पर्स परत खाली ठेवली.

"आज रातीला तुझ्याकडंच जेवतो. पिठलं कर."

"पण आबा, तुमची रीत?"

"व्हय, हुती. किती वाट बघायची आता?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू हायेस ना. लई झालं."

तेवढ्यात शेजारचे गृहस्थ हात पुसत आले. म्हणाले, "उठा आबा, झालं माझं." आम्ही उठलो.

रिक्षात बसलो. अकरा वर्षं जे मागत होते ते मिळालं होतं, मग छातीत एवढं का दुखत होतं? घरी आल्यावर कळलं. आबांनी रीत मोडली नव्हती, नातवाची वाट बघणं सोडलं होतं. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, पण त्यांच्या त्या फडक्यात माझी आशा बांधलेली असायची, आणि मी मूर्ख त्याच फडक्याशी भांडत होते.

दिवेलागणीला आबा पाटावर बसले. मी पिठलं वाढलं, तव्यावरची भाकरी ताटात टाकली. पहिला घास तोंडात गेला तशी मी त्यांच्याकडं पाठ केली. हात पिठात, डोळे पुसायचे कशानं? भाकरी थापत तशीच रडत राहिले.

"ग्वाड झालंय गं," मागून आबा म्हणाले. "अजून एक टाक."

मी टाकली.