वहीत न लिहिलेली पायरी

आमचे हे बोलत बोलत काम करणारे. माझं शिलाई मशीन आणि यांचा कॉम्प्युटर एकाच खोलीत, त्यामुळे वीस वर्षं मी ती बडबड ऐकली. ऐकली म्हणजे काय, या कानाने घेतली आणि त्या कानाने सोडून दिली. फारच झालं की म्हणायचे, अहो, पुरे तुमचं पुराण. मग हे गप्प बसायचे, जेमतेम दोन मिनिटं.

काम यांचं असं, की कंपनीत नवा कोरा सर्व्हर आला की त्याला पत्ता द्यायचा, त्यावर सगळं बसवायचं आणि कामाला जुंपायचं. हे आपोआप करणारं सॉफ्टवेअर यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. त्यात काही बदललं की खऱ्या सर्व्हरवर थेट सोडायचं नाही. आधी आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात दोन खोटे कॉम्प्युटर उभे करायचे, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एक हुकूम देणारं, एक कोरं. कोरं मशीन चालू झालं की विचारतं, मी कोण, मी काय करू? दुसऱ्याने सांगायचं. हा सगळा संसार कसा मांडायचा ते यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, एकेचाळीस पायऱ्या. माझ्यावाचून कोणाचं अडायला नको, म्हणायचे.

गेल्या वर्षी विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ली. तेवढं कोण विसरत नाही? मग एकदा शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून, आपली किल्ली का लागत नाही म्हणून चिडले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी अजून तोंडाने घेत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं होती. ऑफिसातली साहेबीण यांच्याच हाताखाली शिकलेली, मनाने चांगली. ती म्हणाली, सरांनी वहीवरून एकट्याने सगळं उभं करून दाखवावं, शुक्रवारी मी घरी येते. जमलं तर नोकरीसाठी वरच्यांशी मी भांडेन.

हे मंगळवारी बसले. पायरीवर बोट ठेवून वाचायचे, करायचे, खूण करायचे. पण एकोणिसावीनंतर गाडं अडायचं. कोरं मशीन विचारायचं आणि भलत्याच कोणाचं उत्तर घेऊन बसून राहायचं. हे सगळं पुसायचे, पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी दुपारी मी गणवेशाच्या कॉलरी शिवत होते, तर माझ्याकडे वळले.

"अगं, एकोणिसावी झाली की मी इथे काहीतरी म्हणायचो. काय म्हणायचो गं?"

म्हणायचे, दर वेळी म्हणायचे, आणि स्वतःच हसायचेसुद्धा. तेवढं मला आठवत होतं. शब्द मात्र एकही आठवेना.

"नाही हो आठवत," मी म्हणाले.

"तुलाही?" म्हणाले आणि परत वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी साहेबीण आली. तिच्यासमोरही हे तिथेच अडले. ती खुर्ची ओढून बसली आणि तिला पाच मिनिटांत सापडलं. हुकूम देणाऱ्या मशीनने द्यायचे ते पत्ते यांचा कॉम्प्युटर स्वतःच वाटत होता, ते आधी बंद करायला हवं होतं. वहीत ते नव्हतंच. इतक्या वर्षांत हात आपोआप करायचे, तोंड म्हणायचं, लिहायचं कधी सुचलंच नाही.

"सर, तुम्हीच नाही का नेहमी म्हणायचात," ती म्हणाली, "एका घरात दोन कारभारी नकोत?" आणि तिने मान फिरवली.

हे छान हसले. "वा. कोण म्हणायचं असं?"

परक्याच्या पोरीला पाठ होतं. आणि मी, हाताच्या अंतरावर बसणारी बाई, मला नव्हतं. लाज वाटली मला, अजून वाटते.

नोकरी महिनाअखेर गेली. ते वाक्य मी वहीत एकोणिसावीच्या खाली लिहून ठेवलंय. आता हे बोलायला लागले की मी शिलाई थांबवते आणि ऐकत बसते. हल्ली ते फारसं बोलत नाहीत.