हाफिजाबीनं निवडलेलं गलबत

कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात मीरासाब पटवेगाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सराफांनी घडवलेले मणी, पानं, पुतळ्या तिथं यायच्या आणि रेशमात ओवून, गाठवून, मागं गोंडा लावून परत जायच्या. गिऱ्हाइकांशी बोलायचा मीरासाब. पण अवघड काम आत बसलेल्या त्याच्या बायकोच्या हातचं असतं, हे सगळ्या गुजरीला ठाऊक होतं. साज असो, मोहनमाळ असो, मोलाचा दागिना आला की सराफ दारातूनच विचारायचे, "हाफिजाबी हायत न्हवं घरात?"

हाफिजाबी कामाला बसली की उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचं एक टोक अडकवायची, दुसरं दातात धरायची आणि दोन्ही हातांनी गाठी मारत सुटायची. दातात दोरा असल्यामुळं तेवढा वेळ तिचं तोंड बंद असायचं. एरवी तिचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू जायचा. पन्नाशी उलटली होती. दोन मुली, एक कुरुंदवाडला दिलेली, एक कागलला. घरात नवराबायको दोघंच.

शाहू महाराजांना गादीवर बसून तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती. बांधकाम खात्यातल्या एका गोऱ्या इंजिनिअरची बदली झाली आणि त्याच्या बंगल्यात बांधाबांध सुरू झाली. त्या गडबडीत मडमेचा मोत्यांचा सर तुटला. मोती घराबाहेर द्यायला ती तयार होईना, म्हणून तिचा बटलर पिराजी गुजरीत आला आणि हाफिजाबीलाच बंगल्यावर घेऊन गेला.

व्हरांड्यात सतरंजी टाकून हाफिजाबी बसली. दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ, अशा शंभरावर गाठी होत्या. अर्धा सर झाल्यावर मान मोकळी करायला तिनं वर पाहिलं, तर समोर भिंतीला टेकवून तीन लांबट लाकडी पेट्या ठेवलेल्या. प्रत्येकीच्या झाकणावर रंगीत चित्र चिकटवलेलं. चित्रात पाणी, पाण्यावर जहाज आणि जहाजावर नुसते दोरेच दोरे. वरून खाली, खालून वर, आडवे, तिरके.

तिनं दातातला दोरा सोडला. "पिराजी, ह्ये काय हाय रं?"

"जहाजं हायती. सायबानं इलायतेहून मागवलीत. आत सगळं तुकडं असत्यात. बसून जोडायचं, मग छोटं जहाज हुतंय."

"मग जोडली का न्हाईत?"

"सायबाला सवड कुठं हाय!"

हाफिजाबीनं पुन्हा दोरा दातात धरला, पण नजर पेट्यांकडं जातच राहिली. दुपारी सर पुरा झाला. मडमेनं तो ओढून पाहिला, गळ्यात घातला, आरशात पाहून आली आणि भलतीच खूश झाली. मजुरी तर दिलीच, वर पिराजीकरवी विचारलं, की बक्षीस म्हणून काय देऊ? एखादी चिनी मातीची बशी? गालिचा?

हाफिजाबीनं पेट्यांकडं बोट केलं.

पिराजीला वाटलं, बाईला पेटी हवी आहे, धान्य ठेवायला. तो म्हणाला, "रिकामी करून देऊ?"

"रिकामी कशाला? मला जहाज पायजे."

मडम एवढी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाली, तिन्हींतली कुठलीही एक घेऊन जा. यावर हाफिजाबी काय म्हणाली? "आज न्हाय. तीन हायती म्हटल्यावर नीट बघून घ्याय पायजे. उद्या येते."

घरी येऊन तिनं सांगितलं, तेव्हा मीरासाब जेवायला बसला होता. त्याचा घास हातातच राहिला.

"जहाज? अगं, पंचगंगेला होडी बघूनबी तुला गरगरतंय, आनि जहाज काय करनार?"

"बांधनार."

"कुनी?"

"मी."

मीरासाबनं घास खाल्ला, पाणी प्यायला आणि थोडा विचार करून म्हणाला, "मग फुकटात मिळतंय तर सगळ्यात मोठं आन की!"

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या केरबा सुताराला बरोबर घेतलं. केरबा गाड्यांची चाकं आणि देवघरं करायचा. लाकडातलं त्याला कळत होतं, दोऱ्यातलं तिला. समुद्र मात्र दोघांनीही पाहिला नव्हता. पिराजीनं तिन्ही पेट्या व्हरांड्यात उघडून ठेवल्या आणि दोघं तिथं बाजार करायला बसल्यासारखी बसली.

पहिलं लढाऊ जहाज होतं. तीन डोलकाठ्या, पितळेच्या इवल्याशा तोफा, झाकणावरचं चित्र तर असं झगझगीत की पिराजीसुद्धा काम सोडून बघत उभा राहिला. केरबानं आतली पातळ फळकुटं उचलून वाकवून पाहिली. "भाबी, ही शंभरभर हायती. एकेक वाफंवर वाकवायची आनि सांगाड्यावर बसवायची. तुमच्या हातात दोरा येस्तवर दिवाळी हुईल. आनि तेबी कुठली दिवाळी, त्ये इचारू नका."

दुसरी पेटी शर्यतीच्या होडीची. निमुळती, देखणी, एकच काठी आणि एकच मोठं शीड. केरबाचा जीव तिच्यावर बसला. "ही घ्या. आठ दिवसांत तरंगंल."

हाफिजाबीनं आतला दोरा मोजला. वीतभर गुंडी. "आनि मी काय करू? तू रंधा मार, मी बघत बसते, व्हय?"

तिसऱ्या पेटीकडं कुणी पाहिलंच नव्हतं. झाकणाचा एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला, चित्र मळकं. माल वाहणारं दोन काठ्यांचं गलबत. आत एकाच लाकडाचं ढोबळ कोरलेलं अंग, काठ्या, दोर ओढायच्या वाटाण्याएवढ्या कप्प्यांची पुडी आणि दोऱ्याच्या बऱ्याच गुंड्या. तिनं त्यातला मोठा कागद काढून जमिनीवर पसरला. अक्षरं इंग्रजी, तिच्या काही कामाची नव्हती. ती रेघा बघू लागली. एक दोरा धरला, काठीच्या टोकापासून बोट फिरवत काठापर्यंत आणला. दुसरा धरला, तिसरा धरला. तासभर तिचं बोट कागदावर फिरत होतं. केरबाचं पान खाऊन झालं, दुसरं खाऊन झालं. मग तिनं लढाऊ जहाजाचा कागद तसाच पसरला. तिथं दोरे शिडांच्या मागं शिरत होते, दुसऱ्या दोऱ्यांत घुसत होते आणि कुठं जात होते ते दिसतच नव्हतं.

"हे मळकं दे मला," ती पिराजीला म्हणाली.

मडम बाहेर आली. तिला वाटलं, ही संकोचते आहे. पिराजीकरवी तिनं पुन्हा सांगितलं, मोठं घे, सुंदर आहे, लाजू नकोस.

"लाजायला काय झालंय? मडमेला सांग, ज्याचा दोरा कुठनं निघतोय आनि कुठं सपतोय त्ये कळत न्हाई, असला दागिना मी हातात धरत न्हाई. ह्याचं सगळं कळलंय मला."

पिराजीनं ते कसं सांगितलं कोण जाणे, पण मडमेनं मान डोलावली आणि हाफिजाबीचा हात हातात घेऊन दाबला.

केरबा पेटी खांद्यावर घेऊन गुजरीतून निघाला आणि मागून हाफिजाबी. दर चार पावलांवर कुणीतरी विचारायचं, काय आणलं? ती तितक्याच मोठ्यानं सांगायची, "जहाज!" बोळात पोचेपर्यंत अर्ध्या गुजरीला खबर होती.

केरबानं अंग तासून, घासून गुळगुळीत केलं, तळ काळा रंगवला, काठ्या उभ्या केल्या आणि गलबत तिच्या हवाली केलं. दुकानाचं काम संपवून रोज दुपारी ती त्याच्यापुढं बसायची. पेटीतला दोरा तिनं पहिल्याच दिवशी बाजूला टाकला. "ह्याला दोरा म्हनत्यात?" त्याच्याऐवजी तिनं आपलं रेशीम घेतलं, तिपेडी वळलं आणि मेण लावलं. पायाच्या अंगठ्याला टोक अडकवून तिनं एका कुशीचे सगळे दोरे ओढून बांधले. दागिन्याची गाठ ढिली राहिलेली तिला कधी खपली नव्हती. इथंही तिनं तसंच खेचलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर पुढची काठी एका बाजूला धनुष्यासारखी वाकलेली. नीट करायला हात लावला आणि ती कट्दिशी मोडली.

मीरासाब दुकानातून धावत आत आला. त्याला वाटलं, आता ही रडणार. तर हाफिजाबी मोडका तुकडा हातात धरून हसत होती.

"अवो, दागिन्याला गळा एकच असतोय. ह्याला कुशी दोन हायती! एकीकडचं वढलं की दुसरीकडचंबी लगेच वढाय पायजे. कागदावर हुतं की त्ये. मीच बघितलं न्हाई."

केरबानं नवी काठी तासून दिली. हाफिजाबीनं सगळे दोरे सोडले आणि पहिल्यापासून बांधायला घेतले. एक डावा, एक उजवा. मीरासाब आता रोज दुपारी तिच्यासमोर बसून रेशीम वळून द्यायला लागला. त्यानं आपल्या जुन्या फेट्याची मलमल काढली, ती फाडून शिडं बेतली. एक दिवस तिचं लक्ष नसताना त्यानं मोठ्या काठीच्या टोकाला लाल रेशमाचा गोंडा लावून टाकला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "नवरीच्या साजाला लावल्यागत लावलायसा!" पण काढला नाही.

अडीच महिन्यांनी एका शुक्रवारी सकाळी तिघं रंकाळा तलावावर गेली. सोबत गुजरीतले वीस-पंचवीस लोक आपण होऊन आले होते. केरबानं गलबत पाण्यावर ठेवलं आणि हात काढला. गलबतानं एकदा मान हलवली आणि सरळ आडवं झालं. शिडं पाण्यात. काठावर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हाफिजाबीच हसली. "दमलंय बिचारं, झोपलं!"

केरबाला मात्र ते फार लागलं. आठवडाभर त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. तळाखाली शिशाची पट्टी बसवायची, घरच्या घंगाळात तरंगवून बघायची, थोडी कापायची, पुन्हा बघायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा रंकाळा. या खेपेला माणसं दुप्पट.

गलबत ठेवलं. ते एका कुशीवर कललं, लोक "गेलं, गेलं" म्हणेपर्यंत आपसूक सरळ झालं आणि उभं राहिलं. मग वारा आला. मीरासाबच्या फेट्याची शिडं फुगली, आणि गलबत काठ सोडून तळ्यातल्या संध्यामठाच्या दिशेनं निघालं. जरा कुठं वाकडं नाही की डगमग नाही.

"चाललं! अवो, चाललं की!" हाफिजाबी ओरडली आणि काठाकाठानं पळत सुटली. पदर खोचून, चपला हातात घेऊन. तिच्या मागं मीरासाब, "अगं, पडशील!" म्हणत, आणि त्याच्या मागं सगळी गुजरी. म्हशी धुवायला आलेला एक गडी पाण्यात पोहत गेला आणि पुढं होऊन त्यानं गलबत अलगद अडवलं. ते तिच्या हातात देताना म्हणाला, "मावशी, ह्यात बसवून नेताय व्हय मला?"

पुढं ते गलबत दुकानात फळीवर राहिलं. दागिने गाठवायला आलेल्या बायका आधी ते बघायच्या. पण हाफिजाबीच्या मनात आता वेगळंच आलं होतं. खरं जहाज बघायचं. वर्षभर तिनं मीरासाबच्या मागं टुमणं लावलं. शेवटी थंडी सरता सरता बैलगाडी करून दोघं आंबा घाटानं खाली उतरली आणि पाचव्या दिवशी रत्नागिरीच्या बंदरावर पोचली.

हाफिजाबीनं समुद्राकडं एकदाच पाहिलं, म्हणाली, "लईच हाय," आणि धक्क्याला लागलेल्या एका गलबताकडं चालू लागली. बराच वेळ ती मान वर करून दोरे बघत राहिली. मग गलबताच्या तांडेलाला, म्हणजे त्या खलाशांच्या म्होरक्याला, तिनं खालूनच हाक मारली.

"अवो भाऊ! तुमचा मागच्या काठीचा डावा दोरा ढिला हाय."

तांडेलानं खाली पाहिलं. नऊवारीतली, घाटावरची, अनोळखी बाई. "तुम्ही कुठल्या?"

"कोल्हापूरची."

"कोल्हापुरास समुद्र कधी आला?" खलाशी हसले. पण तांडेल मागं गेला, दोर हातानं हलवून पाहिला, आणि तो ओढून पुन्हा बांधला. मग वाकून त्यानं दोघांना वर यायला हात दिला. गलबत दुपारी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचं होतं, म्हणाला, बसा.

मीरासाबला जाता-येता उलट्या झाल्या. हाफिजाबी पुढच्या टोकाला दोर धरून बसली होती, तोंडावर खारं पाणी उडत होतं, आणि ती नवऱ्याला ओरडून सांगत होती, "अवो, वर बघा की! सगळं आपल्यासारखंच बांधलंय!"