मडिवाळप्पाची मोगऱ्याला धमकी

आमच्या जुळे सोलापुरात मडिवाळप्पाचं घर शोधायला पत्ता लागत नाही. कोपऱ्यावर उभं राहायचं आणि आवाज येईल तिकडं चालायचं. त्याची हयात यंत्रमागावर गेली. तिथल्या खडखडाटात शेजारच्याला 'चहा घेतोस का' विचारायचं तरी बोंब मारावी लागते. माग सुटला, बोंब राहिली. सकाळी तो देवापुढं हात जोडून पुटपुटला की सगळ्या गल्लीची पूजा होऊन जाते.

पण माणूस आतून लोणी. डास मारायच्या आधीसुद्धा "जा की रं, अजून येळ हाय" म्हणून त्याला सवलत देणारा. आमच्या गावाकडं, वैरागला, मी गोड बोलून गळा कापणारे पुष्कळ पाहिले. भांडल्यासारखं बोलून कधीच न भांडलेला हा एकच.

तर या मडिवाळप्पाच्या दारात वेलमोगरा होता. माग सुटला त्याच आठवड्यात त्यानं तो लावला. मला म्हणाला होता, "बापूसाहेब, जन्मभर चादरीवर फुलं काढली. एकालाबी वास न्हवता. आता वासाचं फूल बघायचं." वेल गच्चीपर्यंत गेला. पानं इतकी दाट की खाली उभं राहिलं तर पावसात टक्कल भिजू नये. फूल मात्र एक नाही. मडिवाळप्पा त्याला कात्री लावू देत नसे, दुखतं म्हणे.

त्याची बायको चंद्रव्वा अक्कलकोटकडची, हिशेबानं चालणारी. ती म्हणाली, "उनाळ्यात फुलला न्हाय, त्यो आता काय फुलतोय? दिवाळी झाली की पयल्या रविवारी ह्यो काढायचा आन् तोंडली लावायची. भाजी तरी व्हईल." तोंडलीचं रोप तिनं डब्यात तयारही ठेवलं होतं.

मडिवाळप्पा माझ्याकडं आला. डोळ्यांत पाणी, आवाज तसाच. "बापूसाहेब, कायतरी करा की!" हे तिसऱ्या गल्लीतही ऐकू गेलं.

आता आमच्या गावी एक रीत होती. झाड फळत-फुलत नसलं की एकानं कुऱ्हाड घेऊन तोडायला धावायचं. दुसऱ्यानं आडवं पडून म्हणायचं, "थांब, मी जामीन राहतो, औंदा नक्की फळंल." झाड घाबरतं आणि मनावर घेतं. मी म्हटलं, "तू कुऱ्हाड घे, मी जामीन."

तालीम केली. मडिवाळप्पानं कुऱ्हाड उचलली आणि मोगऱ्याला म्हणाला, "तोडू का रं, बाळ?"

"अरं बाळ काय! शिवी दे."

"शिवी नगं. लहान हाय अजून."

शेवटी वसुबारसेच्या सकाळी त्याला आवेश चढवला. कुऱ्हाड डोक्यावर घेऊन तो गरजला, "खत खातोस, पानी पितोस, आन् फूल द्यायला काय झालं? आज तुला ठेवत न्हाय!" खिडक्या थरथरल्या. झाडावरचे कावळे उडाले. मी पुढं होणार, तर माझ्या तोंडात नुकतंच कोंबलेलं पान. थुंकावं तर मोगऱ्यावर, गिळावं तर जर्दा. मी नुसताच हात हलवत राहिलो. मडिवाळप्पाची कुऱ्हाड वर आणि दंड थरथरायला लागलेला.

"जामीनदार, बोला की वो! हात दुखतोय!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या नूरबीनं डोकं वर काढलं. "नक्को काटो अप्पा! फूलता, मैं बोलती ना! मैं जामीन!"

मडिवाळप्पानं कुऱ्हाड खाली ठेवली, मोगऱ्याच्या खोडाला हात लावला आणि सॉरी म्हणाला. तिथंच सगळं मुसळ केरात गेलं.

कारण पुढं झालं ते असं. दिवाळीत कोपऱ्यावरचा गुलमोहर लालभडक झाला. बहावा पिवळ्या झुंबरांनी लटकला. नूरबीचा आंबा कार्तिक लागताच मोहरला, आणि समोरची मधुमालती तर फाटकासकट फुलली. माझी नात ऋतुजा शेतकी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आबा, पाऊस लांबला आणि मग एकदम ऊन पडलं, म्हणून झाडं फसली." असेल बाई. पण मडिवाळप्पाचा तो आवाज तिनं ऐकला नव्हता. सगळी गल्ली भ्यायली. मोगरा तेवढा हिरवागार, निवांत. तो घरचा. त्याला धन्याचा स्वभाव ठाऊक.

रविवार उजाडला. चंद्रव्वा कोयता घेऊन बाहेर आली. मडिवाळप्पा आत जाऊन डोक्यावर उशी घेऊन बसला. तिनं धमकी दिली नाही, जामीनही विचारला नाही. सपासप वेल उतरवला. गुडघ्याएवढा बुंधा राहिला, तेव्हा तिची बहीण फोनवर आली. बहिणीचा फोन म्हणजे दुपार गेली. बुंधा तसाच राहिला. उद्या काढू म्हणाली, आणि उद्या कमरेत उसण भरली.

महिना गेला नसेल. त्या बुंध्याला कोवळे फुटवे आले आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्या. ऐन थंडीत मोगरा! मडिवाळप्पा अंगणात उकिडवा बसून एकेक कळी हुंगू लागला. चंद्रव्वा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"बगितलंत? बाईमाणसानं कोयता लावल्यावर कसा सरळ आला."

"व्हय गं व्हय. आता ठेवतीस न्हवं त्याला?"

"ठीवते. तोंडली गच्चीवर लावते. पर दरसाल छाटनार मी. तुमी मधी पडायचं न्हाय."

तो इतका हरखला की 'व्हय' म्हणण्यासाठी जोरात श्वास ओढला, आणि नाकाशी धरलेली कळी सरळ आत गेली. मग काय, शिंका, चिमटा, नूरबीची आरडाओरड आणि शेवटी रिक्षातून दवाखाना. डॉक्टरांनी कळी काढून ताटलीत ठेवली. मडिवाळप्पानं ती मागून घेतली, खिशात जपून आणली आणि दारातच चंद्रव्वापुढं धरली. "घे, पयलं फूल तुलाच."

चंद्रव्वा त्यावर जे बोलली ते सगळं कन्नडमध्ये होतं. मला कन्नड येत नाही. नूरबीला येतं, पण ती भिंतीपलीकडं हसत खाली बसली ती काही केल्या उठेना.