कानबाईच्या चौरंगावरची कविता

दोन हजार तेवीस साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मला नातीच्या मराठीच्या पुस्तकात परमेश्वर सापडला.

तोवर शाळेत शिकलेली एक बैलगाडीची कविता मी बैलांमागे चालताना नुसती ओरडत आलो होतो. (बैलांची कधी तक्रार नाही!) श्रावणातला रविवार, पिंप्राळ्याच्या घरी कानबाई देवी बसलेली, रोटांचा प्रसाद खायला भाऊबंद जमलेले. सहज नातीचं, परीचं पुस्तक उघडलं, तर तीच कविता! वाचली आणि अंगावर काटाच आला. गाडी म्हणजे देह! दोन बैल म्हणजे मन आणि बुद्धी! गाडीवान म्हणजे साक्षात देव!

"भाऊ, गाडीच आहे ती," देवपूरचा चुलतभाऊ म्हणाला. निवृत्त मास्तर तो!

"तू शिकवली म्हणून गाडीच राहिली!" मी म्हणालो, आणि सगळ्यांसमोर पुस्तकाला हळद-कुंकू लावून कानबाईच्या चौरंगावर ठेवलं. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाने! छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

"आबा!" परी किंचाळली. "उद्या सातला माझी चाचणी आहे! याच कवितेवर!"

चौरंगावर ठेवलेलं विसर्जनाआधी हलवत नाहीत, आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला!

"आता उचललं ना," बायको म्हणाली, "मंग कानबाईना बठ्ठा कोप तुमनावरच!"

"पुस्तक कशाले पाहिजे? मी शे ना!" आणि परीला समोर बसवून तिन्ही कडवी अर्थासकट घोकून घेतली. मास्तरही ऐकत होता. (नाइलाज होता, त्याच्या ताटात अजून रोट होते.)

"आणि चौथं कडवं?" परी म्हणाली.

चौथं? आमच्या गुरुजींनी ते शिकवायच्या आत मी कापूस वेचायला गेलो होतो. आणि आज पान उलटायची गरज वाटली नव्हती!

"त्यात गाडीच्या सावलीत कुत्रं चालतं आबा. त्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय. ते कोण?"

सगळे एकदम मान खाली घालून रोट खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीला रिक्षाने शाळेत नेलं. मार्क कापले जाऊ नयेत म्हणून वर्गाच्या दारातच बाईंना देह, मन, बुद्धी, देव, सगळं उभ्या उभ्या समजावून सांगितलं. कुत्रं कोण, ते बाईंनी विचारलंच नाही. माझ्याकडे बघून त्या नुसत्या, "कळलं, आबा," एवढंच म्हणाल्या!