एक बुडी कमी

आमच्या घरात फोटो बिघडवायचं खातं माझ्याकडं आहे. मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी भाचीनं तिचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारला आणि त्यात फोटो सुधारायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं. इकडं कन्नड मुलखात, मेटगळ्ळीच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरची कारकुनी केलेली बाई मी, मला वाटलं, यात काय एवढं अवघड असणार. पहिल्याच आठवड्यात चुलतबहिणीच्या फोटोतला गालावरचा तीळ पुसला आणि मोठ्या कौतुकानं तिला पाठवला. तो तीळ भाग्याचा होता म्हणे. दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

शिकवायला कोणी नव्हतं. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, वहीत लिहून घ्यायचं. व्हिडिओतली पोरं इतकी भरभर बोलतात की त्यांच्या आईला तरी कळत असेल की नाही, देव जाणे. माझ्या वहीत अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि मधेच 'आधी कॉपी कर, मग हात लाव, शहाणे' असले स्वतःलाच हाणलेले टोमणे. मी मुळातच तापट. तीन तास खपून काही जमलं नाही की लॅपटॉप फटकन मिटायचा आणि मोरीत जाऊन भांडी आपटत घासायची. मग आतल्या खोलीतून आप्पा, म्हणजे माझे वडील, विचारायचे, "आज काय बिघडलं गं?"

आप्पा सत्त्याऐंशीचे आहेत. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आप्पांच्या तरुणपणी घरामागं चुली होत्या, तांब्याची मोठी पातेली होती, कापड रंगवून, छापून द्यायचा धंदा होता. पुढं तो बसला आणि आप्पांनी शिलाईचं मशीन धरलं, पण डोक्यातला रंगारी काही गेला नाही. कापड एकदा रंगात बुडवून काढलं की ती एक बुडी. बाजारातून वांगी आणली तरी आप्पा ती हातात घेऊन म्हणणार, "चार बुड्यांची आहेत."

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि आप्पा आज नको, उद्या नको करत होते. शेवटी मी चिडले. तेव्हा ते खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाले, "चिडू नकोस. डोळा गेला तर काय, एवढीच भीती आहे. आधी तुझ्या आईची लग्नातली साडी मला रंगात दाखव. मग खुशाल काप म्हणावं."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा लग्नातला एकच फोटो आहे, पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा. ती साडी आप्पांनी स्वतः रंगवलेली, गुलबक्षी. आई त्यांच्या मामाचीच मुलगी, तेव्हा नवऱ्यामुलानंच शालू रंगवायचा असं ठरलं होतं. ती कायम ट्रंकेच्या तळाशी, मी कधी पाहिलीच नाही; मी शाळेत असताना आईनं ती भांडीवालीला देऊन टाकली आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. त्यात आम्ही अजून तांदूळ ठेवतो. लग्नाची साडी आई इतकी सहज कशी देऊन बसली, हे मला कधी कळलं नाही. ती पाहिलेलं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. म्हणजे रंग होता फक्त आप्पांच्या डोक्यात, त्यांचे डोळे असे, आणि माझा हात तिळाच्या लायकीचा. खरं सांगते, मला धडकी भरली.

पहिल्या दिवशी आईचा चेहरा हळद लावल्यासारखा झाला आणि साडी प्लॅस्टिकची. लॅपटॉप आप्पांपुढं ठेवला तर म्हणाले, "ट्यूबलाईटखाली रंग बघतात का कधी? बाहेर आण." बाहेर उन्हात नेला, तर स्क्रीनवर माझंच तोंड दिसायला लागलं. मग दारात, अर्ध्या सावलीत स्टूल मांडलं. आप्पा डोळे बारीक करून वाकले.

"ओला आहे की वाळलेला?"

"आप्पा, हा वाळत नाही."

"वाळत नाही तर उतरणार किती ते कसं कळायचं?"

मी डोक्याला हात लावला. मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं आणि अर्ध्या कन्नडात सुरू झाले. "एकाच बुडीत सगळा रंग चढवलास. कापड दिसेना झालं, अल्ला, होय ना? स्वल्प रंग घे, पातळ, आणि परत परत बुडव."

मला राग आला, आणि रागाच्या भरातच कळलं की ते बरोबर सांगताहेत. या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर लेयर टाकता येतात, म्हणजे पारदर्शक कागदासारखे थर. मी एकाच थरात गडद रंग फासला होता. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर एक अगदी पातळ गुलाबी थर टाकला. त्यावर दुसरा. मग तिसरा. तिसऱ्यानंतर साडीच्या चुण्या दिसायला लागल्या. जे मला इतक्या महिन्यांत कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नाही, ते शाळा चौथीत सोडलेल्या माणसानं एका वाक्यात शिकवलं. मी वहीत थरांना नावंच दिली, बुडी एक, बुडी दोन.

पाच बुड्यांनंतर आप्पा म्हणाले, "जवळ आलीस. पण तांबूस दिसते. निळ्याची एक दे." दिली. "अजून एक." दिली. मला ती जास्त वाटत होती, पण साडी त्यांनी पाहिलेली, मी नाही. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "चल, डॉक्टरला फोन कर."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरी येऊन आप्पा दारात बसले आणि त्यांनी पहिल्यांदा मला पाहिलं. "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?" मी म्हटलं, "तुम्ही आंधळे होतात तेव्हा." ते हसले. मग लॅपटॉप मागितला.

फोटो उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय? जांभळी करून ठेवलीस."

"मी? निळं कोण मागत होतं? दोनदा?" माझा आवाज चढलाच. इतके दिवस खपले होते मी.

त्यांनी नवा डोळा झाकून जुन्या डोळ्यानं पाहिलं. मग जुना झाकून नव्यानं. असं तीन-चारदा केलं. "जुन्या डोळ्यात सगळं चहाच्या पाण्यातलं दिसतं गं," ते म्हणाले. "मी पिवळ्यातून बघत होतो आणि तुझ्याकडं निळं मागत होतो. वाया गेली आता."

"वाया कशाला जाईल?" मी म्हटलं. प्रत्येक थराच्या नावापुढं एक बारीक डोळा काढलेला असतो. तो मिटला की थर जातो. मी एक निळा थर घालवला, मग दुसरा.

आप्पा सरळ होऊन बसले. "बुडी परत निघते?"

"निघते."

"आमच्यात नाही निघायची. कापड जायचं, पण चढलेला रंग नाही." ते पुन्हा वाकले आणि त्यांचा आवाज बदलला. "हीच. अगदी हीच साडी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सेव्ह करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"अजून एक काढ."

"आप्पा, आत्ता तर हीच म्हणालात."

"हीच. म्हणूनच म्हणतो, काढ." त्यांनी फोटोतल्या पदरावर बोट टेकवलं. "तुझ्या आईनं लग्नाआधी माझ्या बहिणीकडून निरोप पाठवला होता. फिक्का गुलबक्षी हवा, नुकतं उमललेलं फूल असतं तेवढाच. मला हौस. म्हटलं, असा रंग चढवतो की सगळ्या मांडवानं बघावं. एक बुडी जास्त दिली. वर काढली तेव्हाच कळलं, पण करणार काय? ती तीच नेसली. पन्नासाच्या वर वर्षं संसार केला, एका शब्दानं बोलली नाही."

मला स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा आठवला.

मी पाचवी बुडी काढली. साडी फिकी झाली, आणि इतकी वर्षं पाहिलेल्या त्या फोटोत आईचा चेहरा पहिल्यांदा साडीच्या आधी दिसला.

"साकु," आप्पा म्हणाले, म्हणजे पुरे. मग फोटोकडं बघतच हळूच विचारलं, "आता बरी आहे ना गं?"

मी हो म्हणणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की ते मला विचारत नव्हते.